दादोबा पांडुरंग आणि माझा ‘पर्यंत’

थोर माणसांची चरित्रं कशासाठी वाचायची? प्रेरणा मिळावी म्हणून, असं आपण सगळ्यांनीच शाळेतल्या निबंधात लिहिलेलं आहे. खरं सांगायचं तर मला प्रेरणाबिरणा काही नको होती. मी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या वाटेला गेलो तो ‘पर्यंत’ या एका शब्दाने माझा घात केला म्हणून. तेव्हा आधी माझी फजिती सांगतो आणि मग दादोबांकडे वळतो.

झालं असं. आम्हा चौघांना प्रोजेक्टसाठी कंपनी हवी होती. जवळच्याच एका कारखान्यातले एक इंजिनियर तयार झाले. गृहस्थ दाक्षिणात्य, मराठी अजिबात येत नाही, पण स्वभावाने चांगले. त्यांनी भेटायला बोलावलं. सकाळी दहापर्यंत गेटवर पोचतो, असं मला कळवायचं होतं. मी मोठ्या आत्मविश्वासाने मेल टाकली : वुई विल बी ॲट द गेट टिल टेन. त्यांनी त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला. म्हणजे ही पोरं दहा वाजेपर्यंत गेटवर थांबणार आहेत, तोवर कधीही जाऊन भेटावं. ते साडेआठला बाहेर आले, गेटवर चिटपाखरू नाही. नऊला परत आले, तरी नाही. साडेनऊला ते दौऱ्यावर निघून गेले. आम्ही सोमाटणे फाट्यावरून घामाघूम होत दहाला दहा कमी असताना पोचलो, तेव्हा वॉचमनकाकांनी हात हलवला. आठवड्याभरात तो प्रोजेक्ट दुसऱ्या मुलांना गेला.

मला स्वतःचं फार वाईट वाटलं नाही, पण आमच्यातल्या एकाचं वाटलं. त्या प्रोजेक्टला थोडं मानधन होतं आणि त्यातून त्याचं मेसचं थकलेलं बिल भागणार होतं. तो काही बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री मी ठरवून टाकलं की दोष माझ्या मराठी माध्यमाचा आहे. डोक्यात मराठी असते म्हणून इंग्रजी बिघडतं. ही मराठी एकदा डोक्यातून काढली की झालं!

हे मी आमच्या कम्युनिकेशनच्या मॅडमना बोलून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, की ‘सोमाटणे’ला ‘पासून’ जोडलं की काय होतं. मी म्हटलं, सोमाटण्यापासून. मग त्यांनी विचारलं की ‘णे’चं ‘ण्या’ कोणी केलं आणि कोणत्या नियमाने. मी गप्प! वीस वर्षं मराठी बोलतोय, एकदाही ‘सोमाटणेपासून’ असं तोंडातून निघालं नाही, आणि नियम विचारला तर सांगता येत नाही. मॅडमचं म्हणणं असं, की ज्याला आपल्या भाषेचा नियम दिसत नाही त्याला दुसऱ्या भाषेचा नियम पाठ करूनही वापरता येत नाही. तेव्हा मराठी काढून टाकू नकोस, तिच्याकडे एकदा नीट बघ. आणि जाता जाता त्यांनी एक गृहपाठ दिला : दादोबा पांडुरंगांचं आयुष्य इंग्रजीत वीस वाक्यांत लिहून आण. प्रत्येक वाक्यात वेळ आलीच पाहिजे.

ग्रंथालयात मराठीचं कपाट एकच. तिथून सुरुवात झाली.

ऑन, इन, ॲट

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. तर्खड हे वसईजवळचं गाव, त्यावरून आडनाव तर्खडकर. पहिल्याच वाक्याला मी अडलो, इन की ऑन? तारीख आली की ऑन. नुसतं साल असतं तर इन. त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं ते १८३६ साली, म्हणजे इन. वय तेव्हा बाविशीच्या आसपास, आणि वयाला ॲट. वयाचा हा आकडा लिहिताना जरा थांबलो. बाविशीत आपण बॅकलॉग मोजत असतो आणि या माणसाने त्या वयात एका अख्ख्या भाषेचं व्याकरण लिहिलं होतं.

तो काळ लक्षात घ्या. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा दादोबा चार वर्षांचे. मुंबईत बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा निघाल्या होत्या, तिथे ते इंग्रजी शिकले. संस्कृत आणि फारसीही शिकले. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली, आणि इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ देणारा मोल्सवर्थ-कँडीचा कोश तर १८४७ साली. म्हणजे ऐन शाळकरी वयात यातलं काहीच हाताशी नाही. आपल्या खिशात मोबाइल असतो, शब्द टाकला की अर्थ हजर. तरी आपण ‘टिल’वर आपटतो!

इंग्रजी व्याकरणासाठी त्या काळी सगळीकडे लिंडले मरे चालत असे. हा मूळचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा वकील, पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाला, आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. दादोबांनी आपलं मराठी व्याकरण रचताना याच मरेचा नमुना समोर ठेवला. विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत, साहेबाला मराठी शिकता यावी म्हणून. मराठी माणसाला मराठीतून मराठीचे नियम सांगायचे, हे काम त्या सुमारास हाती घेणाऱ्या मोजक्या लोकांत दादोबा होते. पुढे त्यांना लोक मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

आता यातली गंमत बघा. मरेच्या पुस्तकात प्रिपोझिशन नावाची शब्दांची एक जात आहे. नावातच ‘प्री’ आहे, म्हणजे ती नामाच्या आधी येते. मराठीत शोधायला जावं तर नामाच्या आधी असं काही नाहीच! जे आहे ते सगळं नामाच्या मागे शेपटासारखं चिकटलेलं. काही ठिकाणी नुसता प्रत्यय : सोमवारी, जूनमध्ये नाही म्हटलं तर जुनात. काही ठिकाणी अख्खा शब्द : पासून, पर्यंत, पूर्वी, नंतर. आणि हे चिकटताना नाम स्वतःसुद्धा वाकतं, सोमाटणेचं सोमाटण्या होतं. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. मरेचा साचा जसाच्या तसा उचलून इथे बसणार नव्हता. इंग्रजीतलं जे आधी आहे ते मराठीत मागे शोधायचं आणि त्यातही प्रत्यय वेगळे, शब्दयोगी अव्ययं वेगळी, अशी मांडणी करायची. शाळेत आपण कंटाळत पाठ केलेल्या विभक्त्या आणि शब्दांच्या जाती या परंपरेतूनच आपल्यापर्यंत आल्या.

मी वहीत त्या एका ‘ई’ची यादी केली. सकाळी, सोमवारी, रात्री, १८३६ साली. मराठीत चारही ठिकाणी एकच ‘ई’. इंग्रजीत मात्र सकाळला इन, सोमवारला ऑन, रात्रीला ॲट, सालाला इन. म्हणजे आमचा एक ‘ई’ तीन दारांतून आत जातो. मराठी माध्यमाचा मुलगा चुकतो तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याच्या भाषेने त्याला इथे निवड करायला कधी सांगितलंच नाही, म्हणून. हे कळलं आणि छातीवरचं निम्मं ओझं उतरलं.

मग इंजिनियरिंगच्या पद्धतीने लक्षात ठेवलं. घड्याळातली वेळ हा बिंदू, सेंटर पंचची खूण, तिथे ॲट. दिवस आणि तारीख म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोन, त्यावर बोट ठेवायचं, तिथे ऑन. महिना, साल, ऋतू म्हणजे डबा, त्याच्या आत, इन. सोमवारी सकाळी म्हटलं की चौकोन जिंकतो, ऑन मंडे मॉर्निंग. ॲट नाइट कशातच बसत नाही, ते पाठच करावं. आणि सगळ्यात मोठा सापळा : गेल्या सोमवारी. आपल्याकडे तिथेही ‘ई’ आहे, म्हणून आपण ऑन लास्ट मंडे म्हणतो. इंग्रजीत लास्ट, नेक्स्ट, धिस आलं की पुढे काही लावत नाहीत. लास्ट मंडे, बस्स.

फ्रॉम, सिन्स, फॉर

दादोबांची नोकरी एका जागी झाली नाही. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, मग मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये, मग सुरतेला इंग्रजी शाळेत. पुढे मुंबईला परत येऊन शिक्षक तयार करणारं नॉर्मल स्कूल सांभाळलं. १८५२ साली ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. रावबहादूर ही पदवी मिळाली. एवढं वाचून वाटेल, सरकारी नोकरीत सुखाने रमलेला माणूस. पण तसं नव्हतं.

सुरतेत असताना १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर काही मंडळींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. देव एक, माणसाची जात एक, भुताखेतांची भीती घालणाऱ्या मांत्रिकांना उघड आव्हान, असा त्या सभेचा कारभार. मुंबईला आल्यावर १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागेही दादोबा होते. ही सभा गुप्त. सभासद व्हायचं तर जात मोडायची, म्हणजे परधर्मीयाच्या भट्टीतला पाव खायचा. आज आपण फाट्यावर उभं राहून वडापाव खातो तेव्हा तो पाव कोणी भाजला असा विचारही मनात येत नाही. त्या काळी त्या एका घासाने माणूस घरादाराला मुकत असे. सभेचे कागद बाहेर फुटले, सभासदांची नावं उघडी पडणार या धास्तीने १८६० च्या सुमारास सगळा खेळ मोडला.

इथे मी दादोबांवर थोडा नाराज झालो, हे कबूल करतो. पटलेलं उघडपणे करायची हिंमत का झाली नाही? पण मग माझंच मला हसू आलं. मी तर एका इंजिनियरला फोन करून चूक माझी होती एवढं सांगायलाही घाबरत होतो. त्यांच्या डोक्यावर वाळीत पडण्याची तलवार होती. आणि ते काम वायाही गेलं नाही. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि तो उघडपणे. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी तर १८४१ सालीच ‘ए हिंदू’ या टोपणनावाने बाँबे गॅझेटमध्ये इंग्रजीतून पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा हिशोब मांडला होता. साहेबाची भाषा नीट शिकलं की साहेबालाच जाब विचारता येतो, हे त्या घराने दाखवलं.

या भागात माझी दुसरी खोड सापडली. मी दोन वर्षांपासून इथे राहतो, हे मी नेहमी असं म्हणत आलो : आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं. जून महिन्यापासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीत जिथून मोजायला सुरुवात झाली ती खूण सांगायची तर सिन्स, आणि किती लांबी झाली ते सांगायचं तर फॉर. व्हर्नियरचा शून्य वेगळा आणि रीडिंग वेगळं, तसं. शिवाय आपलं ‘राहतो’ साधं वर्तमान आहे, तिथे इंग्रजीला हॅव बीन लागतं. आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स. दादोबांच्या कोष्टकात बसवलं तर : सिन्स १८३६ मराठीला त्यांचं व्याकरण आहे. आणि फॉर म्हणाल तर ते या एका पुस्तकावर किती वर्षं काम करत होते? हाच या लेखातला माझ्या मते सगळ्यात मोठा आकडा. सांगतो.

टिल आणि बाय

पहिली आवृत्ती १८३६. दुसरी १८५०, बरीच सुधारलेली. त्यापुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. शाळेच्या मुलांना जड जातं म्हणून १८६५ साली ‘मराठी लघु व्याकरण’. आणि तरीही काही राहून गेलं असं वाटलं म्हणून १८८१ साली व्याकरणाची ‘पूरणिका’. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा गेले. म्हणजे बाविशीत छापलेलं पुस्तक हा माणूस मरणाच्या आदल्या वर्षापर्यंत दुरुस्त करत होता. फॉर फॉर्टी फाइव्ह इयर्स! मधल्या काळात नोकऱ्या, बदल्या, सभा, मोरोपंतांच्या केकावलीवरची ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका, १८७८ साली स्वीडनच्या स्वीडनबोर्ग या तत्त्ववेत्त्यावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक, हे सगळं चालूच होतं. फक्त आत्मचरित्र तेवढं अपुरं राहिलं. ते अ. का. प्रियोळकरांनी चरित्राची जोड देऊन १९४७ साली प्रसिद्ध केलं.

आणि इथेच माझा ‘पर्यंत’ सुटला. वरच्या परिच्छेदात मी लिहिलंय, मरणाच्या आदल्या वर्षापर्यंत दुरुस्त करत होता. काम चालू होतं, चालू होतं, आणि त्या टोकाला थांबलं. हा टिल. आता दुसरं वाक्य : १८३६ पर्यंत पुस्तक लिहून झालं होतं. इथे काम चालू नाही, ते त्या वेळेच्या आत पुरं झालं. हा बाय. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ आणि आपलं कधीच अडत नाही, कारण फरक आपण क्रियापदात ठेवतो. ‘थांबतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, ‘पोचतो’ म्हटलं की कळतं. इंग्रजीने तो फरक त्या छोट्या शब्दातही ठेवलाय. मी गेटवर दहापर्यंत ‘पोचणार’ होतो. लिहिलं मात्र दहापर्यंत ‘थांबणार’. एवढाच काय तो घात.

उलट्या बाजूनेही बघितलं. इंग्रजी काही प्रत्येक ठिकाणी बारकाईने बोलत नाही. मेसच्या मावशी जेवण दोन तासांत तयार होईल म्हणाल्या तर एक अर्थ, दोन तासांनी म्हणाल्या तर दुसरा. इंग्रजीत बहुतेक वेळा दोन्हीला इन टू अवर्स. तिथे निवड आपल्या भाषेने करून ठेवली आहे, साहेबाने नाही. आणि ‘अगो’ हा शब्द तर मला फारच आवडला. टू इयर्स अगो. नामाच्या मागे बसतो, थेट आपल्या ‘दोन वर्षांपूर्वी’सारखा. इतक्या प्रिपोझिशन्सच्या गर्दीत हा एक शब्द मराठी वळणाचा निघाला! दादोबांना हे दाखवायला हवं होतं, असं उगीच वाटून गेलं.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. १८७८ साली सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा विलायतेला जाण्याआधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी काही दिवस राहिला. इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी आणि इंग्रजी रीतभात कळावी म्हणून. त्याला शिकवायचं काम केलं आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा हिने. म्हणजे दादोबांची पुतणी. ती नुकतीच इंग्लंडहून आलेली होती. तो मुलगा रवींद्रनाथ टागोर. तेव्हा इंग्रजीची शिकवणी लावायला लाज वाटत असेल तर हे नाव आठवा. आणि त्यांनी कविता कोणत्या भाषेत लिहिल्या तेही आठवा.

माझी वीस वाक्यं झाली. मॅडमनी चार ठिकाणी लाल रेघ मारली, त्यातली दोन नेमकी ‘द’ची होती. ती लढाई पुढच्या सेमला. त्या इंजिनियर साहेबांना मी शेवटी मेल लिहिली. चूक काय झाली ते सांगितलं आणि माफी मागितली. प्रोजेक्ट परत मिळाला नाही. तो मिळणार नव्हताच. आम्ही कॉलेजातच, वर्कशॉपमधल्या जुन्या लेथवर प्रोजेक्ट केला. मित्राचं बिल त्याने सुट्टीत काम करून फेडलं, त्यात आम्ही तिघांनी थोडा हातभार लावला. तो अजूनही काही बोलत नाही, पण हल्ली मेल पाठवण्याआधी स्क्रीन माझ्यापुढे सरकवतो. माझ्यासाठी तेवढं पुरे.

राहता राहिली आपली वसतिगृहाची पाटी. रात्री दहा‘पर्यंत’ परत यावे, हे तिथे इंग्रजीत ‘टिल’ लावून लिहिलं होतं. त्याचा काटेकोर अर्थ काढला तर विद्यार्थ्यांनी दहा वाजेपर्यंत सारखं परत येत राहावं, असा होतो! मी भीत भीत वॉर्डन सरांना सांगितलं. सर आधी पाटीकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले आणि मार्कर माझ्याच हातात दिला. आता तिथे ‘बाय’ आहे. अक्षर वाकडं आहे, ते माझं. वेळ मात्र दहाचीच आहे, मित्रहो, त्यात काही बदल करता आला नाही!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी